मदत हवी आहे: लाकडी पॅनेलच्या भिंती भिजल्यात, सोमवारी आतून बंद करू देऊ का?

नवेघर
तातडीचं आहे. गुरुवारी क्रेननं भिंती उभ्या केल्या. छपराआधी पाऊस आला, ताडपत्री उडाली, रात्रभर पाणी आत. ओलीचा मीटर लाकडात 24 टक्के दाखवतोय. मुकादम म्हणतो, "सुकेल आपोआप." सोमवारी बोर्ड ठोकणार. थांबवलं तर हीच माणसं तीन आठवडे मिळत नाहीत. हो की नाही, एवढंच सांगा.

सुतारपक्षी
24 कुठे? वरवर की खोल? भिंत सीएलटीची (आडव्या-उभ्या फळ्यांचे थर चिकटवलेली, भरीव) की चौकटीची? आणि घर कुठल्या देशात?

जांभाप्रेमी
लाकूड म्हणजे आधी वाळवी बघा. आमच्या देवगडच्या घराला जांभ्याचं जोतं अडीच फूट, वर ऐनाचे वासे. आजोबांपासून उभं आहे.

नवेघर
श्टुटगार्टजवळ. चौकटीचं घर. बाहेरून वूडफायबर बोर्ड (लाकडाच्या तंतूंचा), आतून ओएसबी (लाकडाच्या चपट्या तुकड्यांचा दाबलेला बोर्ड) लागणार, मग पोकळीत थंडी अडवायला सेल्युलोज, म्हणजे कागदाचा भुगा, फुंकणार. वाळवीचा प्रश्नच नाहीये काका.

किवीकर
बंद करू देऊ नका! मी ऑकलंडला राहतो. नव्वदच्या दशकात इथे प्रक्रिया न केलेल्या पाइनच्या चौकटी वापरल्या, बाहेरून प्लास्टरसारखं आवरण, मागे हवेला वाट नाही. हजारो घरं आतून कुजली. आमच्या शेजारणीनं भिंत उघडली तेव्हा लाकूड बोटानं निघत होतं. इथे आता 20 टक्क्यांच्या वर ओल असेल तर आतून बोर्ड लावताच येत नाहीत.

पुणेरी_इंजिनीअर
म्हणूनच आरसीसी. भिजलं तरी काय बिघडतं?

सुतारपक्षी
सळई गंजते, हे बिघडतं. आणि एक घनमीटर स्प्रूसच्या लाकडात सुमारे पाऊण टन कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो. सिमेंट बनवताना उलट तो बाहेर पडतो. पण त्यांनी ते विचारलेलं नाही.

नवेघर, जर्मनीतही डीआयएन 68800 या लाकूड-संरक्षणाच्या मानकाप्रमाणे मर्यादा 20 टक्केच. तुमचं लाकूड कारखान्यातून 15 च्या आसपास आलं असणार. ओएसबीतून वाफ फार हळू जाते, त्यामुळे ओल अडकली की महिनोन् महिने तिथेच. मीटरला लांब, इन्सुलेटेड पिना लावून खालच्या आडव्या लाकडात आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांत खोल मोजा. ओएसबीत टोचू नका, मीटर भरीव लाकडासाठी असतो. प्रत्येक आकड्याचा फोटो काढा.

किवीकर
गॅसचा हीटर लावू नका, गॅस जळताना पाणीच तयार होतं. डीह्युमिडिफायर आणि पंखे.

जांभाप्रेमी
मी चुकीचं बोललो नव्हतो, पण जर्मनी आधी सांगायचं ना.

नवेघर
चुकलंच, घाईत राहिलं. आत्ता मोजून आलो. दक्षिणेकडे 16-17. उत्तरेच्या भिंतीत तळाशी 27, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली 22. कंपनीला फोटोंसह लेखी कळवलंय की उत्तरेची बाजू 20 च्या खाली आल्याशिवाय बंद करायची नाही. डीह्युमिडिफायर भाड्यानं आणतोय.

सुतारपक्षी
उत्तम. स्वतंत्र तज्ज्ञाकडून एकदा मोजून घ्या, पुढे वाद झाला तर तोच कागद चालतो. आणि ओला स्क्रीड (फरशीखालचा सिमेंटचा थर) पडला की त्यातून शेकडो लिटर पाणी हवेत येतं. तेव्हा खिडक्या उघडायची जबाबदारी कुणाची, ते आत्ताच ठरवा.

नवेघर
भाड्याच्या घराची नोटीस दिलीय. ती मागे घेता येते का?

बर्लिनची_मावशी
एकतर्फी नाही. घरमालक तयार असेल तरच. नवा भाडेकरू ठरायच्या आत, आजच फोन करा.