मदत हवी आहे : बॅज अंगावर नसताना मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा कशी ठरवावी?

सर्वांना सविनय नमस्कार. मी वडोदऱ्यात मकरपुरा भागात राहतो. माझा भाचा येथील एका कारखान्यात वेल्डिंगच्या जोडांची गॅमा रेडिओग्राफी (गॅमा किरणांनी आतील दोषांची तपासणी) करणाऱ्या तुकडीत प्रशिक्षणार्थी आहे. गेल्या आठवड्यात रात्रपाळीत इरिडियम-१९२ चा किरणोत्सर्गी स्रोत कॅमेऱ्यात (स्रोत ठेवण्याच्या संरक्षक पेटीत) पूर्ण परत आला नाही आणि सर्व्हे मीटरने (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाने) खात्री करण्याआधीच भाचा स्रोत ज्यातून पुढे-मागे सरकतो ती नळी सोडवायला पुढे गेला. त्याचा टीएलडी बॅज (अंगावर लावायचा, मिळालेली मात्रा नोंदवणारा बिल्ला) तेव्हा कपाटात होता. चूक त्याची आहेच, पण बॅजशिवाय त्याला आत जाऊ देणाऱ्यांची मला अधिक मोठी वाटते.

अणुऊर्जा नियामक मंडळाची कामगारांसाठीची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट आहे. परंतु जो बॅज अंगावरच नव्हता, त्याच्या वाचनावर विसंबायचे कसे? अंतर निम्मे झाले की मात्रा चौपट होते, म्हणून त्याचे हात नळीजवळ किती सेकंद होते याचा लेखी हिशेब आम्ही मागितला. तो अद्याप मिळालेला नाही. बोटांवर सध्या काहीही दिसत नाही, तरी लाली काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही उमटते, हे वाचल्यापासून बहिणीला झोप नाही.

रक्तातील गुणसूत्रांच्या तपासणीवरून मात्रेचा अंदाज बांधता येतो. ती तपासणी कारखान्यामार्फतच करावी लागते का, आणि मंडळाकडे कामगाराने स्वतः तक्रार करताना कोणती कागदपत्रे जोडावीत? ज्यांनी सुरक्षा अधिकारी म्हणून काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.