मदत हवी आहे: पानं मी लावते, प्रुफं काका तपासतात, आता दोन्ही कामं माझ्याच गळ्यात

नमस्कार. मी सहा वर्षं घरून पुस्तकांची मांडणी करते, इनडिझाइन या सॉफ्टवेअरवर, पानाच्या दराने. पुण्यातल्या एका प्रकाशनाचं काम नियमित असतं. त्यांची प्रुफं एक काका तपासतात. निवृत्त शिक्षक, तेही माझ्यासारखेच पानामागे पैसे घेणारे. आमची घडी छान बसली होती: मी पानं लावून पाठवायची, काकांनी लाल पेनाने खुणा करायच्या, मी दुरुस्त्या घ्यायच्या, मग दुसरी प्रुफं, मग फायनल.

जूनमध्ये संपादक मॅडमचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, "पानं लावतेसच, तर जाता जाता शुद्धलेखनही बघून घे ना, वेळ कमी आहे." एकच फॉर्मा होता, 16 पानं. मी हो म्हटलं आणि पैसेही मागितले नाहीत. ती चूक माझीच. आता 12 फॉर्म्यांचं एक चरित्र आलंय आणि पुस्तकात मुद्रितशोधनापुढे, म्हणजे प्रुफं तपासणारी म्हणून, माझंच नाव टाकणार म्हणे. काकांना कुणी काही कळवलेलं नाही. परवा त्यांचाच फोन, "अगं, ते चरित्र आलं का गं तुझ्याकडे? माझ्याकडे प्रुफं नाहीत अजून." मी "बघते काका" म्हणून ठेवून दिला. तेव्हापासून फाइल उघडवत नाही.

बरं, हे जाता जाता होणारं काम नाहीच. श्रीलिपी या जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणला की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. तेवढं मी पकडते. पण 'कवी' दीर्घ आणि 'कविवर्य' ऱ्हस्व का, हे मला नियमावर बोट ठेवून सांगता येणार नाही. काकांना मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962चे 14 आणि 1972चे 4 असे अठराही नियम तोंडपाठ. शिवाय मीच लावलेल्या पानात मला चूक दिसत नाही. परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी तर गेली नाही ना, हेच डोळा शोधत असतो. जूनच्या त्या फॉर्म्यात मथळाच 'पुर्वार्ध' असा छापून गेला. 28 पॉइंटमध्ये!

मॅडमना नाही कसं म्हणू? वेगळे पैसे मागितले तर त्या देतीलही, पण मग काकांचं काम मी घेतलं असंच होईल ना? निम्म्याहून जास्त काम यांच्याकडूनच येतं, त्यात दिवाळी अंक तोंडावर आलेत. आणि काकांना कुणी सांगायचं, मी की प्रकाशनाने?

प्रतिसाद

ताई, मी भाषांतरं करतो, असले "जाता जाता" पुष्कळ पाहिलेत. आधी मॅडमना विचारा की काका का नाहीत. कदाचित त्यांनीच नको म्हटलं असेल, किंवा दर वाढवून मागितला असेल. तुम्ही सगळं मनातच रचताय. मग एक साधी मेल टाका: मांडणीच्या दरात अक्षरं फुटली असतील तर ती दुरुस्त करणं आणि दोनदा दुरुस्त्या घेणं येतं, मुद्रितशोधन येत नाही, कारण स्वतः लावलेली पानं स्वतः तपासली की चुका राहतात. 'पुर्वार्ध'चा दाखला जरूर द्या, लाज बाजूला ठेवून. काम काढून घेतल्याचं काकांना प्रकाशनानेच सांगायला हवं. पण त्यांनी पुन्हा विचारलं तर फाइल आलीय एवढं खरं सांगा. "बघते" पुरे झालं.

धागाकर्ती

आभार. मॅडमशी बोलले. काकांच्या कामाबद्दल तक्रार नाही, दरही तोच आहे. कागदी प्रुफं कुरिअरने जाणार, परत येणार, यात प्रत्येक वेळी चार-पाच दिवस जातात, एवढंच कारण! पीडीएफवर खुणा करून मिळणार असतील तर चरित्र त्यांनाच देऊ म्हणाल्या. काकांना फोन करून सगळं सांगितलं, जूनच्या फॉर्म्यासकट. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुर्वार्ध? पहिला उकार? अगं!"

तर आता दुसरी मदत हवी आहे. पीडीएफवर पेनाने लिहिता येईल असा स्वस्तातला टॅब कुणी वापरतंय का? काका 68 वर्षांचे आहेत. त्यांची अट एकच, शाई लाल दिसली पाहिजे.