विश्वासाचं नको, कलमांचं बोला

'पाकिस्तानशी केलेला करार म्हणजे रद्दी' असं मत अनेकदा ऐकू येतं, ते मला अर्धंच पटतं. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा भारत-पाकिस्तान करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये एकाच वेळी आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या दिल्या जातात, अक्षांश-रेखांशासकट. संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौजा सीमेवर उभ्या होत्या, तरी १ जानेवारी २००२ ची यादी चुकली नाही. अर्थात यादीत काय गाळलंय हे तपासायची सोय करारात नाहीच. तो टिकतो कारण पाळायला फुकट आहे आणि मोडला तर किरणोत्सर्ग वारा नेईल तिकडे जाणार.

खरी गोची व्याख्येत असते. याच दोन देशांमधला २००५ चा क्षेपणास्त्र चाचणीच्या पूर्वसूचनेचा करार बघा. पाच दिवसांची चाचणीची मुदत सुरू व्हायच्या किमान तीन दिवस आधी कळवायचं, प्रक्षेपणाची जागा सीमेपासून वा ताबारेषेपासून ४० किमीच्या आत नको, पडण्याची जागा ७५ किमीच्या आत नको. इतकं काटेकोर, पण फक्त जमिनीवरून वा समुद्रातून सोडलेल्या, पृष्ठभागावर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक (उंच जाऊन कमानीसारख्या मार्गाने खाली येणाऱ्या) क्षेपणास्त्रांपुरतं. क्रूझ, म्हणजे विमानासारखी हवेतून उडत जाणारी क्षेपणास्त्रं, त्यात नाहीत. ९ मार्च २०२२ ला आपलं क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं, ते नेमकं क्रूझ जातीचं ब्राह्मोस. शिवाय करार चाचणीबद्दल बोलतो, अपघाताबद्दल नाही. आपलं अधिकृत निवेदन आलं ११ तारखेला. अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये दोन दिवस म्हणजे फारच झाले. क्रूझ आणि अपघात, दोन्हींसाठी पुरवणी कलम हवं.