मदत हवी आहे : तलावाचा अहवाल 'समाधानकारक', तरी पहाटे मासे मरतात. वर्षानुवर्षांची नोंद कशी ठेवावी?

तलावकाठ

नमस्कार. ठाणे पश्चिमेला सोसायट्यांच्या मधोमध एक जुना तलाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. साधारण दोन एकर, मध्यावर तीन मीटर खोल, चारही बाजूंनी दगडी बांध, दोन कारंजी, एक विसर्जन घाट. पाणी बारा महिने हिरवंगार. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि यंदा सप्टेंबरात, असे दोनदा पहाटे मासे मेले. दोन्ही वेळा मोठे कटला आणि रोहू गेले, तिलापिया बरेचसे वाचले.

यंदा खाजगी प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घेतलं. नमुना दुपारी १.१५ ला घाटाच्या पायरीवरून घेतलेला. तापमान ३१ अंश, विरघळलेला ऑक्सिजन ९.६, पीएच ९.१, अमोनिकल नायट्रोजन १.१, फॉस्फेट '०.५ पेक्षा कमी' (सगळे आकडे मिग्रॅ प्रति लिटर, पीएच सोडून). शेरा : 'ऑक्सिजन समाधानकारक'.

ऑक्सिजन एवढा असताना मासे का मरतात? आणि पुढची दहा वर्षं तुलना करता येईल अशी नोंद कमी खर्चात कशी ठेवायची? जवळच्या महाविद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा मदतीला तयार आहे. गाळातले जड धातूही तपासावेत का, तेही सांगा.

जलमापक

तुमच्या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा १.१५ हा आहे, म्हणजे नमुन्याची वेळ.

३१ अंशांच्या पाण्यात हवेतून मावतो तो ऑक्सिजन साधारण ७.४ मिग्रॅ. तुमच्याकडे ९.६, म्हणजे जवळपास १३० टक्के. हा वरचा ऑक्सिजन शेवाळाने उन्हात तयार केलेला आहे. सूर्य मावळला की तेच शेवाळ श्वासासाठी ऑक्सिजन खायला लागतं, तळाचा गाळ तर चोवीस तास खातच असतो. सर्वांत कमी पातळी येते सूर्योदयाच्या जरा आधी. दुपारी ९.६ दाखवणारा हिरवा तलाव पहाटे पावणेसहाला दीडवर आलेला असू शकतो. दुपारी जितका जास्त, पहाटे तितका कमी, असंच हिरव्या पाण्याचं गणित असतं. त्यामुळे ९.६ हा आकडा पाहून समाधान मानायचं नसतं, सावध व्हायचं असतं.

पीएच ९.१ सुद्धा शेवाळाचंच काम. ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि पीएच चढतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गाला पीएच ६.५ ते ८.५, ऑक्सिजन किमान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ पर्यंत चालतो. म्हणजे पीएचवर हा तलाव आजच 'ड' वर्गात बसत नाही, आणि शेऱ्यात त्याचा उल्लेखही नाही.

अमोनियाचंही तसंच. अमोनिकल नायट्रोजनचा विषारी भाग म्हणजे मुक्त अमोनिया, आणि त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. ३० अंशांना पीएच ७ असेल तर एक टक्क्याच्याही आत, ८ ला साडेसात टक्के, ९ ला ४५ टक्के. तुमच्या १.१ पैकी निम्मा, म्हणजे ०.५५ च्या आसपास, त्या दुपारी मुक्त होता. कागदावर १.२ च्या आत, पण मत्स्यपालनात ०.०५ च्या वर गेला की कल्ल्यांना इजा होते असं धरतात. दुपारी अमोनियाने कल्ले पोळायचे आणि पहाटे त्याच कल्ल्यांनी विरळ ऑक्सिजन ओढायचा, असा दुहेरी मारा माशांवर होतो.

कोणते मासे मेले हीसुद्धा एक चाचणीच आहे. ऑक्सिजन संपला की आधी मोठे मासे जातात, तेही पहाटे. विषारी रसायन आलं तर लहानमोठे सगळे, दिवसाच्या कुठल्याही वेळी. मागूर आणि मरळ हवेतून श्वास घेतात. तेही तरंगताना दिसले तर ऑक्सिजनचा विचार बाजूला ठेवून नाल्यातून काय आलं ते शोधा. कल्ले तपकिरी दिसले तर नायट्राइट तपासा.

तलावकाठ

म्हणजे पहाटे मोजायचं. मीटर घ्यावा की रसायनांनी करावं? आणि जूनमध्ये पाऊस पडल्यावर का मेले?

जलमापक

पावसाचं आधी. मे महिन्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, तळाचं पाणी त्याखाली कोंडून ऑक्सिजनविना राहतं. पहिला जोराचा पाऊस थंड पाणी, वारा आणि गटारांत महिनोन्‌महिने साठलेली घाण एकदमच आणतो. तळाचं पाणी वर येतं, आणि त्याच दिवशी ढगांमुळे शेवाळाचं ऑक्सिजन बनवणंही थंडावतं.

मीटर घ्यायचा तर ऑप्टिकल (प्रकाशाने मोजणाऱ्या) प्रोबचा घ्या. पडदावाल्या प्रोबभोवती पाणी हलतं ठेवावं लागतं, नाहीतर तो कमी दाखवतो. पण प्रयोगशाळा सोबत आहे तर विंकलर पद्धतीसारखी (रसायनांनी ऑक्सिजन बाटलीतच बांधून मग मोजायचा) भरवशाची गोष्ट नाही, आणि मीटर खरा बोलतोय का तेही तिच्यावरच ताडून पाहता येतं.

काचेच्या बुचाची ३०० मिलीची बीओडी बाटली (प्रयोगशाळेत ऑक्सिजनच्या चाचण्यांना वापरतात ती) घ्या. पाणी बादलीने ओढून बाटलीत ओतलंत तर ओततानाच हवा मिसळते आणि दीडचा आकडा सहज साडेतीन होतो. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. त्याऐवजी दोन लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणीत ती बाटली उघडी ठेवा. बरणीच्या झाकणाला दोन भोकं. एका भोकातून नळी थेट आतल्या बाटलीच्या तळापर्यंत, दुसरीतून हवा बाहेर. बरणीला तीन किलोचं लोखंडी वजन बांधा, कारण रिकामी बरणी दोन लिटर पाणी सारते आणि कमी वजनाला बुडत नाही. दोन्ही नळ्या दोरीला बांधलेल्या बुचाने बंद ठेवा आणि हवी ती खोली आली की झटका द्या. पाणी आधी लहान बाटलीत, मग तिच्यावरून वाहून बरणीत. बरणी भरेपर्यंत बाटली चार-पाच वेळा धुऊन निघते. वर बुडबुडे यायचे थांबले की ओढून घ्या.

नावेतच १ मिली मँगनीज सल्फेट, मग १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बुडबुडा न अडकू देता बूच लावा आणि पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर शून्य, आणि हे दृश्य नावेतल्या प्रत्येकाला तिथल्या तिथे समजतं. साका खाली बसला की १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून विरघळवा, बाटली अंधारात ठेवा आणि काही तासांत प्रयोगशाळेत २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने मोजा. रंग गवती पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला, निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजा. १ मिली म्हणजे १ मिग्रॅ प्रति लिटर. थायोसल्फेट ठेवल्या ठेवल्या उतरतं, म्हणून प्रत्येक फेरीआधी डायक्रोमेटवर तपासून घ्या. अझाइड विषारी आहे, आम्ल भाजतं. हातमोजे, चष्मा हवेतच, आणि उरलेलं द्रावण तलावात ओतू नका.

काळापत्थर

दीर्घकाळच्या नोंदीबद्दल. जागा, खोली आणि वेळ कधीही बदलू नका. मध्यावर पृष्ठभागाखाली ३० सेंमी आणि तळापासून ५० सेंमी वर, पहाटे ५.४५ आणि दुपारी २. महिन्यातून एक दिवस पुरेल, मे-जून आणि विसर्जनानंतर आठवड्यातून एकदा. कारंज्यापासून लांब राहा. पायरीवरचा नमुना तलावाबद्दल काही सांगत नाही.

त्याच दुपारच्या फेरीत पाण्याची पारदर्शकता मोजायला सेकी तबकडी टाका : २० सेंमी व्यास, काळे-पांढरे चार भाग. दिसेनाशी होते ती खोली आणि ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी, नावेच्या सावलीच्या बाजूने. तलाव किती पोषित आहे याचा निर्देशांक काढायच्या कार्लसनच्या १९७७ च्या सूत्रात ६० मधून १४.४१ गुणिले त्या मीटरमधल्या खोलीचा नैसर्गिक लॉगॅरिदम वजा करायचा. ३५ सेंमीला ७५ येतात, आणि ७० च्या वर म्हणजे अतिपोषित (खतासारखी पोषकद्रव्यं फार झाल्याने शेवाळाने भरलेला). पावसाळ्यात मातीमुळे हा निर्देशांक फसवतो, म्हणून ऑक्टोबर ते मेचेच आकडे तुलनेला धरा.

फॉस्फेटची ती '०.५ पेक्षा कमी' ओळ निरुपयोगी आहे. एकूण फॉस्फरस ०.१ मिग्रॅ झाला तरी तलाव अतिपोषित ठरतो. प्रयोगशाळेला नमुना देण्याआधीच विचारा : तुमची मोजण्याची किमान मर्यादा किती? ०.०१ म्हणाले तरच पैसे द्या. बाटली १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेली हवी, साबणाने मुळीच नाही.

आता गाळ. धातू पाण्यात फारसे सापडत नाहीत, ते गाळाला चिकटतात, त्यामुळे तपासायचे तर गाळातच. पण ठाण्याची माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. या बेसाल्टमध्ये तांबं मुळातच किलोमागे दीडशे मिग्रॅच्या वर सहज असतं, आणि जगभराच्या तुलनेला वापरतात तो शेल खडकाचा सरासरी आकडा आहे ४५. थेट तुलना केलीत तर निसर्गाचंच तांबं प्रदूषण म्हणून छापून येईल आणि पुढे तुमचा खरा आकडाही कोणी मानणार नाही. येऊरच्या ओढ्याकाठची माती संदर्भ म्हणून घ्या (राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते), दोन्ही ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा आणि प्रत्येक धातूचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर मांडा. शिसं मात्र बेसाल्टमध्ये फार कमी असतं. म्हणून मूर्तींचे रंग आणि २००० साली देशभर बंद झालेलं शिसेयुक्त पेट्रोल यांचा माग शिशावरून चांगला लागतो.

गाळाच्या थरांचं वय काढायच्या फंदात पडू नका. शिसे-२१० (शिशाचा किरणोत्सारी प्रकार) मोजून ते निघतं, पण तलाव एकदा उपसला की थरांची वहीच फाटते. उपसा झालेल्या तारखा मात्र जरूर मिळवून ठेवा.

तलावकाठ

खूप आभार. सांडपाण्याची एक जोडणी पालिकेने गेल्या वर्षी बंद केली आहे. तरी पाणी हिरवंच का? आणि मासे वर आले की काही जण चुना टाकतात, काही मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका म्हणतात. कारंजी संध्याकाळी ७ ते १० चालतात.

काळापत्थर

जुना फॉस्फरस गाळात लोहाला बांधलेला असतो. तळाशी ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. स्वीडनमधल्या ट्रुमेन सरोवरात सांडपाणी थांबवल्यावरही दहाएक वर्षं पाणी सुधारलं नाही. १९७० आणि १९७१ मध्ये वरचा सुमारे मीटरभर गाळ काढला तेव्हा फरक पडला. जोडणी बंद झाली हे फार मोठं काम झालंय, आकडे हलायला मात्र वेळ लागेल. त्यासाठीच तर दहा वर्षांची नोंद हवी.

जलमापक

चुना अजिबात नको. पीएच चढतो आणि अमोनिया आणखी मुक्त होतो. मोरचूद एका झटक्यात शेवाळ मारतं, ते सडताना उरलासुरला ऑक्सिजनही खातं, आणि तांबं कायमचं गाळात बसतं. मासे वर येऊन तोंड मारत असतील तर खाद्य, पाव, चपात्या टाकणं लगेच थांबवा.

कारंज्यांची वेळ बदलून घ्या. रात्री २ ते सकाळी ७. ऑक्सिजन तेव्हा लागतो, आणि टायमर फिरवायला खर्च नाही. पुढे जमलं तर तळातून बारीक बुडबुडे सोडणारा डिफ्यूझर मागा, कारंजं फक्त वरचंच पाणी घुसळतं. अर्जासोबत एकाच दिवसाचे पहाटेचे आणि दुपारचे आकडे शेजारी-शेजारी जोडा.

पुन्हा मासे मेले तर पहिल्या तासाभरात मध्यावरचा ऑक्सिजन बाटलीत बांधून घ्या, दोन लिटर पाणी गडद काचेच्या बाटलीत, आणि नुकताच मेलेला मासा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून बर्फावर. फुगलेला मासा प्रयोगशाळेच्या उपयोगाचा नसतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पालिकेला लगेच कळवा, आणि पंचनाम्यात नमुन्याची वेळ घड्याळ बघून लिहून घ्या.

तलावकाठ

बरणी आणि तबकडी या आठवड्यात बनवतो. पहिली फेरी रविवारी पहाटे. नावेत किती जण असावेत?

काळापत्थर

तिघं. एक वल्ह्यावर, एक बरणीच्या दोरीवर, एक वहीवर. तिघांनाही लाइफ जॅकेट, आणि काठावर टॉर्च घेऊन चौथा. वहीत पेन्सिलने लिहा, पेनाची शाई ओल्या हाताने पसरते.