अल्झायमरच्या ट्रायलमध्ये नक्की मोजतात काय?

लेक_ठाणे
आईला अल्झायमर आहे, वय ७४, सुरुवातीची स्टेज. भाऊ अमेरिकेत असतो, त्याने लेकानेमॅब या अल्झायमरच्या नव्या औषधाबद्दल पाठवलं, २७% ने आजार हळू होतो म्हणे. म्हणून ट्रायल वाचायला बसले. १८ महिने, जवळजवळ १८०० पेशंट, आणि १८ मार्कांच्या स्केलवर फरक आला ०.४५. हे ०.४५ घरात कुठे दिसतं ते कोणी सांगेल का? आमच्याकडे संध्याकाळ झाली की आई पिशवीत दोन साड्या आणि देवघरातली घंटा भरून दाराशी उभी राहते, मला घरी सोड म्हणते, आणि ते घर म्हणजे तिचं माहेर जे पाडूनसुद्धा वीस वर्षं झाली, कडी लावली की रडते. रात्री तीनदा उठते. हे कोण मोजतं?

रिसर्चवाला
मी ट्रायल कोऑर्डिनेटर होतो म्हणून लिहितो. ते स्केल सीडीआर-एसबी. सहा भाग: स्मरणशक्ती, स्थळकाळाचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घर आणि छंद, स्वतःची काळजी. प्रत्येकी ० ते ३. यात घरच्या माणसाचीही मुलाखत घेतात, म्हणजे तुम्हाला विचारतच नाहीत असं नाही. पण झोप, भीती, घर मागणं याला वेगळा कप्पा नाही. आणि २७% चा अर्थ नीट घ्या, औषधवाले १.२१ ने खालावले, प्लासिबोवाले, म्हणजे ज्यांना नुसतं दिखाऊ औषध दिलं ते, १.६६ ने. म्हणजे सरासरीने दोन्ही गट खालावलेच. एका भागात अर्धा मार्क ही सगळ्यात छोटी पायरी असते, सरासरी फरक त्याहूनही कमी आहे. केअरगिव्हरच्या ताणाची झारिट प्रश्नावली त्याच ट्रायलमध्ये भरून घेतली होती, फरक औषधाच्या बाजूने होता, पण मुख्य निकाल त्यावर ठरला नाही. माझ्या मते चूक तिथेच आहे.

कुशीवर
आमच्याकडे पार्किन्सन, ह्यांना ११ वर्षं झाली. पार्किन्सन मोजायचं जे स्केल आहे, एमडीएस-यूपीडीआरएस, त्यात रात्री कुशीवर वळता येतं का हा प्रश्न आहे, बद्धकोष्ठता पण आहे, पण बऱ्याच ट्रायलचा निकाल तिसऱ्या भागावर लागतो, जिथे डॉक्टर बोटं टेकवायला सांगतात, चालायला लावतात नि मार्क देतात. ह्यांना मी रात्री दोनदा कुशीवर वळवते, चादरीला धरून ओढते, माझी पाठ गेलीये. वळणं सुधारलं तर दोघांची झोप होईल, मला तेवढंच औषध हवंय. डायरीचा प्रकार मात्र बरा आहे हं, दर अर्ध्या तासाला ऑन (औषधाचा असर आहे) की ऑफ (असर उतरलाय) की झोप, पेशंट स्वतः खूण करतो.

लेक_ठाणे
ताई, चादरीचं वाचून गलबलून आलं. @रिसर्चवाला मग डॉक्टरांना विचारू काय? दर पंधरा दिवसांनी सलाईन, वर एमआरआय, आई त्या मशीनमध्ये झोपेल का हाच प्रश्न आहे.

रिसर्चवाला
आधी विचारा की आई अजून त्या स्टेजला बसते का, कारण ट्रायलमध्ये फक्त अगदी सुरुवातीचे पेशंट होते आणि तुम्ही लिहिलंय ते मला पुढचं वाटतंय. मग एपीओई४ या जनुकाची टेस्ट, या औषधाने होणाऱ्या मेंदूतल्या सूज नि रक्तस्रावाचा धोका त्यावर बराच अवलंबून असतो. एमआरआय त्यासाठीच करतात. आणि महिनाभर वहीत लिहा: रात्री कितीदा उठली, दाराशी कितीदा गेली. ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

लेक_ठाणे
आजपासून लिहिते. भावालापण हेच पाठवते.