रोजच्या वापरातली मातीची भांडी: तुमचे अनुभव लिहा

शोकेसमधल्या फुलदाण्या नकोत. रोज घासली जाणारी, चुलीवर चढणारी भांडी कशी जमली, कशी टिकली ते सांगा. करणाऱ्यांनी लिहा, वापरणाऱ्यांनीही.

पुण्याहून, स्टोनवेअर (जास्त आचेवर भाजलेली पक्की भांडी) करणारी:
गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग कप उचलतं आणि जड लागला की गुपचूप खाली ठेवतं. ओला कप भट्टीतून निघेपर्यंत साधारण १० ते १२ टक्के आटतो, त्यामुळे चाकावर तो थोराडच दिसायला हवा. कानाचंही तेच. ओल्या कानात दोन बोटं ऐसपैस फिरली, तरच भाजल्यावर नीट जातात. कान जोडायचा तो कप अर्धवट सुकलेला असताना, दोन्हीकडे ओरखडे काढून, मध्ये चिखल भरून. कप पुरता वाळल्यावर जोडलात तर सांध्याला तडा ठरलेला. काठ पातळ असला की ओठांना छान लागतो, पण बेसिनमध्ये त्याचाच टवका आधी उडतो.

कुंभाराच्या घरातला:
लोक भाजलेल्या माठाला ड्रिल लावतात, चीर गेली की आमच्याकडे येतात. नळाचं भोक कच्च्या माठालाच पाडतात हो! मातीत लीद घालतो, ती आव्यात जळून बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं, माठ गार पडतो. चकचकीत झिलईचा माठ मागणाऱ्याला मी फ्रीज घ्यायला सांगतो.

जळगावहून:
खापराशिवाय मांडे नाहीत. आई बाजारात खापर बोटाने वाजवून घेते. बद्द आवाज आला की परत. पाठ हाताने चाचपते, कारण मांडा पालथ्या खापरावर पडतो आणि तिथे एक खडा जरी वर आला तरी तो फाटतो. आच हळूहळू वाढवायची, तापल्यावर पाण्याचा हबका मारायचा नाही.

लोणच्याच्या बरणीबद्दल:
झिलईवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग उतरला तर त्यात आंबट काही भरू नका. रंग टिकला म्हणून झिलईत विषारी शिसं नाही असं मात्र होत नाही. ते करणाऱ्यालाच विचारावं.

नाशिकहून:
किटलीच्या तोटीवरून थेंब बुडाकडे ओघळतो. उपाय?

पुण्याहून, वरचीच:
टोकाची कड धारदार ठेवा; गोल कडेवरून थेंब मागे वळतो. आणि टोक किटलीच्या तोंडापेक्षा खाली नको, नाहीतर काठोकाठ भरायच्या आतच चहा टेबलावर.