मदत हवी आहे : कॅमेऱ्याने स्ट्रेन मोजतोय, पण इलास्टिक भागात आकडे भरवशाचे येत नाहीत

नमस्कार मंडळी. मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट डिजिटल इमेज कोरिलेशनचा. माइल्ड स्टीलच्या पट्टीला पांढरा मॅट रंग, त्यावर काळे ठिपके, यूटीएमवर (ओढून ताकद तपासायचं मशीन) पट्टी ओढताना फोटो काढायचे आणि ठिपके किती सरकले त्यावरून स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने वाढ, काढायचा. सॉफ्टवेअर एनकॉर.

यील्डनंतरचा (जिथून पट्टी कायमची ताणली जाते) स्ट्रेनचा नकाशा फार सुरेख येतो, पट्टी कुठे बारीक होणार ते डोळ्यांना कळण्याआधी दिसतं. खरंच बघण्यासारखं आहे! अडचण त्याआधीच्या इलास्टिक भागाची आहे, जिथे लोड काढला की पट्टी मूळ लांबीवर येते. यील्डचा ताण २५० एमपीए (मेगापास्कल) धरला तर तिथवर स्ट्रेन जेमतेम ०.१२५ टक्के, आणि माझे आकडे तेवढेच वरखाली होतात. यंग्स मोड्युलस (या भागातला ताण भागिले स्ट्रेन) काढणार कसा?

माझा संशय असा : लोड येताना पट्टी जबड्यात सरळ होते आणि कॅमेऱ्याकडे किंचित सरकते. एकच कॅमेरा ५०० मिमीवर असेल, तर १ मिमी सरकण्यानेही पट्टी जवळ येऊन मोठी दिसते आणि ०.२ टक्के खोटा स्ट्रेन दिसतो. टेलिसेंट्रिक लेन्स (अंतर बदललं तरी वस्तू तेवढीच दाखवणारी) परवडणारी नाही. कॅमेरा लांब नेऊन मोठ्या फोकल लेंथची लेन्स लावली तर पुरेल का? की दोन्ही बाजूंनी फोटो घेऊन सरासरी काढू?

दुसरं, ठिपके ३ ते ५ पिक्सेलचे हवेत, पण स्प्रे कॅनने मोठे थेंब पडतात. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत कुणाकडे एअरब्रश असेल तर कृपया कळवा, पट्ट्या घेऊन मी येतो.